पाचमीचं पाणी

"पाण्याला घड्याळ असतं का गं?" सरांनी विचारलं आणि सगळा वर्ग हसला.

डोंबिवली पूर्वेला एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला. रविवार सकाळ. सतरंजीवर तीसेक माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर वही. वर्गाचं नाव होतं 'पत्रिकेतून आत्मशोध'. बारा रविवार. आपल्या कुंडलीतून आपण कोण आहोत हे ओळखायचं आणि जसे आहोत तसं स्वतःला स्वीकारायचं. त्या दिवशी प्रत्येकाने उठून जन्मतारीख, जन्मवेळ सांगायची होती. सर फळ्यावर पत्रिका मांडणार होते.

पुढच्या रांगेतल्या बायकांकडे प्रसूतिगृहाची चिठ्ठी होती. कुणाची सात वाजून बावीस मिनिटं, कुणाची तीन वाजून चार. एकीच्या आजोबांनी तर सेकंदही लिहून ठेवले होते.

माझी पाळी शेवटी आली. मी उभी राहिले आणि आईने सांगितलं होतं ते सांगितलं. मार्गशीर्षातली पाचमी. भरतीचं पाणी भरून थांबलं होतं. अंगणात उन्हं होती.

सरांनी पाण्याच्या घड्याळाचं विचारलं ते त्यावर. हशा ओसरायच्या आत पुढच्या रांगेतून वसुधाताई म्हणाल्या, "अय्या, म्हणजे ओहोटीला झाली असती तर वाहूनच गेली असती!"

पुन्हा हशा.

मग सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "हसू नका. यांच्यात वेळ कोण लिहिणार? जाळ्याची वेळ बघतील, मुलीची कशाला बघतील? आपण हिची वेळ काढू."

वेळ काढायची म्हणजे माणसाकडे बघून मागे जायचं. वडील काय करतात? खाडीत मासे धरतात. आई? विकते. तू? सरांकडेच टायपिंग. लग्न? नाही. सरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं: रात्री आठ वाजून दहा. मिथुन लग्न. लग्नाचा मालक बुध, तो सहाव्या घरात. सहावं घर सेवेचं.

"बघा, चपखल बसली की नाही?" सर म्हणाले.

माझ्या आईने उन्हं सांगितली होती. सरांनी त्यांची रात्र केली. मला ते तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी मान खाली घालून आठ वाजून दहा असं वहीत लिहून घेतलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची तीन वर्षं त्या लिहून घेण्यातून आली.

मी कोलशेतची. खाडीकाठचं घर. गावामागे कारखाने आले तशी आमच्या घरात शाळा आली. मी मॅट्रिक झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या. नव्वदच्या आसपास डोंबिवलीला सरांच्या ज्योतिष केंद्रात नोकरी लागली. आधी टायपिंग होतं, मग संगणक आला. हिरव्या अक्षरांचा पडदा आणि खरखरणारा प्रिंटर. तारीख, वेळ, गाव टाकलं की पत्रिका बाहेर. पूर्वी सरांना एका पत्रिकेला दोन तास लागायचे. आता मी दिवसाला वीस काढायची. नोकरीला आहेस तर वर्गालाही बस, असं सरच म्हणाले. मला तो सन्मान वाटला.

मला ते सगळं मनापासून आवडत होतं, हेही खरं आहे. लहानपणापासून ऐकत आले होते: काळी आहे, उंच आहे, आवाज बाप्यासारखा आहे. इथे कुणीतरी पहिल्यांदा म्हणत होतं की तू जशी आहेस त्यामागे कारण आहे, त्याच्याशी भांडू नकोस. त्या बोलण्याला मी भुकेली होते.

वर्गात प्रत्येकाला एक वाक्य मिळायचं. त्याला स्वीकारवाक्य म्हणत. रोज सकाळी अंघोळ करून अकरा वेळा लिहायचं. वसुधाताईंना मिळालं, 'माझ्या वाणीत तेज आहे, ते मी जगाला देते.' एका बँकेतल्या गृहस्थांना मिळालं, 'मी नेतृत्वासाठी जन्मलो आहे, संकोच सोडतो.' माझं वाक्य होतं, 'मी दुसऱ्यांच्या कामासाठी जन्मले आहे आणि ते मला मान्य आहे.'

रोज अकरा वेळा. तीन वर्षं. किती वह्या झाल्या, मोजल्या नाहीत.

आणि मासळी सोडली. सर म्हणाले, पत्रिकेला हात लावणाऱ्याचा हात शुद्ध हवा. कोळ्याच्या घरात मी वरणभात वेगळा शिजवू लागले. आई खाडीतल्या निवट्या साफ करता करता माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "बाय, आमचे हातचा खाशील तरी का पुरं?" मी माझा वरणभात वाढून घेतला. स्वतःला स्वीकारायला शिकवणाऱ्या वर्गात मी घरचं ताट नाकारायला शिकले.

वर्गाच्या शेवटी परीक्षा झाली. लेखी. मी पहिली आले. सरांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी कल्याणला शाखा निघाली. तिथे पत्रिका वाचून लोकांना सल्ला द्यायला माणूस हवं होतं. एक टेबल, एक खुर्ची, समोर बसणारी माणसं. मला ती खुर्ची हवी होती. आयुष्यात मी एवढी कशाची इच्छा केली नव्हती.

विचारलं. सर हसले. "अगं, तुझा बुध सहाव्यात. वाणी दबलेली. बोलायचं काम तुझं नाही. तू पडद्यामागे सोनं आहेस, सोनं!"

खुर्ची वसुधाताईंना मिळाली. परीक्षेत त्यांना नवमांश मांडता आला नव्हता. पुढे कल्याणहून पत्रिका डोंबिवलीला यायच्या, काय सांगायचं ते मी कागदावर टाइप करून पाठवायची आणि वसुधाताई ते वाचून दाखवायच्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अकरा वेळा लिहिलं, ते मला मान्य आहे.

आता माझ्या कामाबद्दल. हे लिहायला जड जातं आहे.

संगणकात वेळेचा रकाना रिकामा ठेवता येत नसे. वेळ नाही तर पत्रिका नाही. आणि वेळ माहीत नसलेली माणसं पुष्कळ यायची. रिक्षावाले, भांडीवाल्या, गोदामातले हमाल, वीटभट्टीवरचे. त्यांच्यासाठी सरांची एक पद्धत होती. आतून आवाज यायचा, "वेळ मागेपुढे कर. लग्नेश सहाव्यात बसला की थांब. सहाव्यात येतच नसेल तर बाराव्यात बघ, तेही मागे राहण्याचं घर."

मी करायची. दर दोन तासांनी लग्न बदलतं. पहाट टाकायची, दुपार टाकायची, रात्र टाकायची. बसला सहाव्यात की प्रिंटर चालू. खाली स्वीकारवाक्य मीच टाइप करायची. शब्द थोडे इकडे तिकडे, पण सगळ्यांना माझंच वाक्य. लोक कागद कपाळाला लावून घेऊन जायचे.

चिठ्ठी असलेल्यांची पत्रिका वेळेवरून निघायची. बाकीच्यांची तोंडावरून. हे मला माहीत होतं आणि मी त्याला शास्त्र म्हणत होते.

तिसऱ्या वर्षी एका शनिवारी आंबिवलीहून एक बाई आली. स्टेशनबाहेर भाजी विकणारी. बरोबर मुलगी, बारावी पास, दोन वेण्या, हातात गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून धरलेली.

बाई म्हणाली, "हिला डी.एड.ला घालू का नको, तेवढंच सांगा. मास्तरीण व्हायचं म्हणते."

"जन्मवेळ?"

"जात्यावर बसले होते बघा. पायली दळून झाली आणि कळा आल्या. झुंजुमुंजू झालं होतं."

आतून सरांनी ऐकलं. "जातं राहू दे. तू काढ वेळ. सोमवारी या म्हणावं." मग जरा हळू, पण ऐकू जाईल इतपत, "भाजीवालीची मास्तरीण. सगळ्यांनाच आता फळ्यासमोर उभं राहायचंय!"

बाई ओशाळून हसली. मुलगी हसली नाही. माझ्या टेबलावर माझी वही उघडी होती, सकाळचं लिहून झालेलं. ती वाकून वाचत होती.

"मॅडम, हे तुमचं आहे?"

"हो."

"तुमचीपण वेळ माहीत नव्हती का?"

मी वही मिटली.

"म्हणजे माझंपण हेच येणार," ती म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता. गुणपत्रिकेची पिशवी घट्ट धरली आणि आईला म्हणाली, "चल गं."

माझा वर्ग संपला तरी दर रविवारी नव्या वर्गाला मी मदतीला जायची, त्या रविवारी गेले नाही. घरीच होते. बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मी विचारलं, "बाबा, पाचमीची भरती किती वाजता भरते?"

त्यांनी मान वर केली नाही. "तिथीची पाऊनपट. पाचाची पाऊनपट किती? पावनेचार. आपले खारीन पानी तासभर उशिरा येतो. पावनेपाच." मग दोरा दातांनी तोडला. "येवरा शिकलीस, येवरा येत नाय?"

माझी वेळ काढायला त्यांना एवढंच लागलं. दोरा तोडायला लागतो तेवढा वेळ.

आई आतून म्हणाली, "मंग? मी काय सांगत व्हते? पानी भरून थांबला व्हता, उना आंगनान व्हती." मार्गशीर्षात पावणेपाचला आमच्या अंगणात उन्हं असतात. मी जन्मले त्या दिवशीही होती. आजही असतील.

म्हणजे वेळ होती. पहिल्या दिवसापासून होती. ज्या तिथीवर सरांचं पंचांग उभं होतं, त्याच तिथीवर आमचं पाणी चढत होतं. माझ्या अडाणी आईने माझी वेळ तिथीसकट, पाण्यासकट, उन्हासकट जपून ठेवली होती. मी ती तीस माणसांत सांगितली होती. तिच्यावर हशा झाला आणि हसणाऱ्यांबरोबर मीही ती खोटी मानली.

त्या दुपारी मी आईच्या ताटातलं जेवले. 

सोमवारी सर यायच्या आधी केंद्र उघडलं. संगणकात माझी तारीख टाकली, चार पंचेचाळीस टाकले. वृषभ लग्न आलं. लग्नेश सातव्यात. सहावं घर रिकामं. मला आनंद झाला. खूप झाला. आणि मग त्या आनंदाचीच चीड आली. ही चांगली आली म्हणून मानायची, तर उद्या वाईट येईल तीही मानावी लागेल. पुन्हा कुणाच्या तरी पुढे वही घेऊन बसायचं. मी प्रिंट काढला नाही. बटण बंद केलं.

सर आल्यावर सांगितलं. "माझी वेळ मिळाली. पावणेपाच. वडिलांनी तिथीवरून काढली." कशी काढली तेही सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "अरे वा! इंटरेस्टिंग आहे हे. मला लेखात घेता येईल. कोळ्यांचं कालज्ञान." कागदावर टिपूनही घेतलं. मग म्हणाले, "पण तुझी पत्रिका आता बदलायची नाही."

"का?"

"घटना जुळल्यात ना! लग्न नाही. पुढे येणं नाही. तीन वर्षं निमूट सेवा. आठ वाजून दहाचीच पत्रिका बोलते आहे. खोटी असती तर तू इथे असतीस का?"

"ती बोलत नाहीये, सर. तीन वर्षं मी ती पाळली."

त्यांचा आवाज बदलला. "आंबिवलीची काढलीस?"

"नाही."

"का?"

"सांगितलेली वेळ तुम्हाला चालत नाही. दुसरी मी टाकणार नाही."

"मग इथे तुझं काम काय?"

"काही नाही," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

जिन्यात मायलेकी भेटल्या. वर चढत होत्या. मी वाट अडवून उभी राहिले. बाईला म्हणाले, "पत्रिका नाही. डी.एड.चा फॉर्म भरा. वर जाऊ नका."

बाई घाबरली. "म्हणजे योग नाही का ओ?"

"मला माहीत नाही. वर बसलेल्यांनाही माहीत नाही. मार्क बघा तिचे."

त्या खाली उतरल्या की मी गेल्यावर वर गेल्या, मला माहीत नाही. पुन्हा भेटल्या नाहीत. मुलगी मास्तरीण झाली असेल असं मी कधी स्वतःला सांगत नाही. माहीत नाही ते माहीत नाही. मी कोलशेतच्याच एका कारखान्यात टायपिस्ट झाले, पुढे स्टोअर सांभाळलं. ते काम मला मिळालं, मी ते केलं. त्यात कुठल्या ग्रहाचा हात नव्हता.

मी काय आहे ते मला मान्य आहे की नाही, हे माझ्यासाठी आता कुणी लिहून द्यायचं नाही. आणि मी कुणाला लिहून देणार नाही. पण माझ्या हातचे कागद अजून घराघरांत असतील. डोंबिवलीत, कल्याणात, आंबिवलीत. देवघराच्या खणात, पत्र्याच्या पेटीत. त्यावर सही सरांची आहे. पत्ते मी ठेवले नाहीत आणि दारोदार जाऊन सांगायची हिंमत तेव्हा झाली नाही. म्हणून आता लिहिते आहे.

तुमच्या पत्रिकेत लग्नेश सहाव्या किंवा बाराव्या घरात असेल, आणि कागदावरची जन्मवेळ तुमच्या आईने सांगितलेल्या वेळेशी जुळत नसेल, तर तो कागद फाडा. ती वेळ मी टाकली आहे. तुमच्या आईची खरी आहे.