मुठीतला अंगठा

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीतला चांगला माणूस मी नव्हे. चांगला माणूस म्हणजे माझे मामा, आईचे सख्खे थोरले भाऊ. जगात मामा बनवणारे पुष्कळ असतात. आमच्याकडे ते काम सख्ख्या भाच्यानं केलं, एवढाच काय तो फरक.

मामा आमच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. मालाचा ट्रक आला की काट्यावर उभा राहायचा आणि मामा खिडकीतून सुईकडे बघत बसायचे. सुई हलतेय तोवर तोंडातून आकडा काढायचे नाहीत. ड्रायव्हर बाहेरून बोंबलायचे, "अहो काका, लिहा की! दोन-चार किलोंनी काय आभाळ कोसळतंय?" मामा म्हणायचे, "थांबू दे तिला." एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि एकतीस वर्षं ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मामा आले, आईला म्हणाले, "सामान बांध," आणि आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. त्यांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बहीण एकटी चौघींएवढं बोलते, त्यात आणखी भर कशाला?" पुढे मला रंगखात्यात चिकटवलं, माझं लग्न लावून दिलं, ते त्यांनीच. आणि कारखान्याच्या कलामंडळात हाताला धरून नेलं तेही त्यांनीच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कसा दिसतो हे बघायचं असेल तर माझ्याकडे बघा.

कलामंडळ वर्षाला एक नाटक करायचं. मामा चालक. नाटक निवडायचं, कामं वाटायची, तालमी घ्यायच्या, सगळं त्यांच्याकडे. तालमीला ते हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, "तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे! परत म्हण." प्रयोगाच्या दिवशी मात्र हा चालक डाव्या विंगेत स्टुलावर बसायचा, मांडीवर नाटकाची वही, कानामागे पेन्सिल. आमचे प्रॉम्प्टर तेच होते. मोठे साहेब पुढच्या खुर्चीचा आग्रह करायचे, तर म्हणायचे, "पुढे बसून काय करू? टाळ्या मोजू?"

प्रॉम्प्टरचं काम सोपं वाटतं, पण नट कधी विसरलाय आणि कधी मुद्दाम थांबलाय, हे ओळखण्यात भल्याभल्यांची फजिती होते. मामांनी त्यावर एक खूण ठरवून दिली होती. ओळ आठवत नसेल तर नटानं डाव्या हाताचा अंगठा मुठीत घ्यायचा. अंगठा मुठीत गेला की मामा पहिला शब्द सांगायचे. फक्त पहिला, पुढचं नटाचं नटाला आठवतं. आणि ते इतकं हळू सांगायचे की शेजारच्या नटालाही पत्ता लागायचा नाही. "अंगठा दिसला की सांगायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि अंगठा नाही दिसला, तर नट तिथं उभ्या उभ्या मेला तरी सांगायचं नाही." हा त्यांचा नियम होता.

त्या वर्षी आम्ही एक जुनं राजदरबाराचं नाटक घेतलं. राजाची दृष्टी गेलेली. प्रधान कागद वाचून दाखवतो आणि राजा त्यावर मुद्रा उठवतो. एक दिवस कागदात असतं एक आणि प्रधान वाचतो भलतंच. राजा विश्वासानं मुद्रा उठवतो, आणि त्या कागदाच्या जोरावर राजाचाच मुलगा मारला जातो. गादी प्रधानाला मिळते. शेवटच्या अंकात आंधळा राजा त्याला एकच विचारतो, "प्रधानजी, त्या कागदात काय लिहिलं होतं?"

प्रधानाचं काम मला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, जीव टाकला होता त्यावर. मी मामांसमोर तो प्रवेश करून दाखवला. छाती बडवली, गुडघ्यावर पडलो, खरं रडलो. मामांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अरे, अपराधी माणूस छाती बडवत नाही. तो चहा पितो, हसतो, चार लोकांत नीट वागतो, आणि मग एका साध्या प्रश्नाला अडतो. शिवाय फितुरी काही परका करत नाही. त्यासाठी आधी त्या घरात जेवलेलं असावं लागतं. तुला हा माणूस अजून कळला नाही."

प्रधान त्यांनी आमच्या फिटरला दिला. मला दिला सेनापती. एक प्रवेश आणि मोजून सात वाक्यं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आई म्हणाली, "पुढच्या वर्षी देतील रे, म्हातारपणी तरी भावाला सुखानं नाटक करू दे." माझ्या डोक्यात भलताच किडा शिरला होता. मामा चालक आहेत तोवर मी सात वाक्यांतच कुजणार. मामा बाजूला झाले तर चालकपद माझ्याकडे येणार, कारण दुसऱ्या कुणाला तालमी घ्यायला वेळच नव्हता.

त्याच सुमारास मामांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "काकांना आता दिसतं ना नीट?" असं मंडळात कुणी कुणी विचारायचं. मी उत्तर द्यायचो नाही. नुसता सुस्कारा सोडायचो. लोकांना तेवढं पुरतं.

प्रयोग सुरू झाला. माझा एकमेव प्रवेश असा होता: सेनापती येतो, राजासमोर उभा राहतो, बोलत नाही. राजा चाचपडत येतो, त्याचा चेहरा हातांनी बघतो, गालावरचं पाणी बोटांना लागतं. मग सेनापती म्हणतो, "युवराज गेले." ही मधली शांतता मामांनी दोन महिने घासूनपुसून बसवली होती. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला ओळ लख्ख आठवत होती. तरी मी डावीकडे बघितलं आणि अंगठा मुठीत घेतला.

मामांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग विंगेतून शब्द आला, "युवराज..."

एरवी न ऐकू येणारा तो आवाज त्या शांततेत तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी, मग सगळा हॉल. राजाचा मुलगा मेला आणि लोक पोट धरून हसत होते. मी तोंड पाडून उभा राहिलो, जसं काही माझ्या उत्तम कामाचा कुणी सत्यानाश केला होता. अभिनय म्हणाल तर तो मात्र मला झकास जमला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मंडळाची बैठक भरली. मोठ्या साहेबांनी मला सरळ विचारलं, "तू खूण केली होतीस?"

मामा समोर बसले होते. त्यांच्यापुढचा चहा तसाच होता.

"नाही," मी म्हणालो. "मी थांबलो होतो, तालमीत ठरलं होतं तेवढाच."

मला वाटलं, आता मामा उसळतील. मी त्याचीही तयारी करून गेलो होतो, ऑपरेशन, वय, सगळं ओठांवर होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, सुई थांबायची वाट बघावी तसं. मग उठले, खाकी पुठ्ठ्याची ती वही माझ्यासमोर ठेवली, कानामागची पेन्सिल काढून वर ठेवली आणि बाहेर गेले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि समोरच्यानं मान पुढे करून दिली होती.

मी चालक झालो. महिन्याभरात बायकोला घेऊन कारखान्याच्या वसाहतीत वेगळा राहायला गेलो. आई आली नाही. म्हणाली, "भाऊ माझा, मुलगाही माझा. कुणाची बाजू घेऊ? मी आपली माझ्या जागेवर बरी." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दर रविवारी मी गेलो की ती माझ्या हातांकडे बघायची, असं मला वाटायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मामा मात्र पूर्वीसारखेच. "ये, बस. रंगखातं काय म्हणतंय?" म्हणायचे. नाटकाचा विषय काढायचे नाहीत. त्यांनी एकदा खडसावलं असतं तर मी सुटलो असतो.

पुढच्या वर्षी मी तेच नाटक पुन्हा घेतलं. मंडळाला सांगितलं, "डाग धुऊन काढू." आणि प्रधान अर्थात मी. फिटरला राजा केला. स्टोअरमधल्या बाईंना प्रॉम्प्टर नेमलं, आणि अंगठ्याची खूण बंद करून टाकली. "पाठांतर चोख हवं, खुणा कसल्या करता?" असं मीच तोंड वर करून सांगितलं. खरं कारण असं की मला ती खूण कुणाच्याही हातावर बघवत नव्हती.

प्रयोगाला आई मामांना घेऊन आली. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर मामा बसले होते. पहिले दोन अंक छान गेले. मी हसलो, दरबारात मिरवलो, कागद खोटा वाचला. मग शेवटचा अंक. फिटर चाचपडत माझ्यापर्यंत आला आणि त्यानं विचारलं, "प्रधानजी, त्या कागदात काय लिहिलं होतं?"

उत्तर होतं, "महाराज, जे मी वाचलं तेच." शंभर वेळा म्हटलेलं वाक्य. ते माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. डोळ्यांपुढे कँटीन आलं, आणि मामांचा तो न प्यालेला चहा. विंगेत स्टोअरच्या बाई वहीत मान घालून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, मी मुद्दाम थांबलोय. मी समोर बघितलं. मामा खुर्चीत पुढे सरकले होते आणि त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर होती.

अंगठा आपसूक वळायला लागला. मी तो ताठ धरून ठेवला. बोटं दुखायला लागली तरी सोडला नाही. या माणसाकडे मी पुन्हा मागू? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी फिटरनं प्रसंग सावरला. माझी ओळ न होताच तो मागे फिरला, "कळलं मला, प्रधानजी," असं काहीतरी मनाचंच म्हणाला, आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात! मेकअपच्या खोलीत मोठे साहेब स्वतः आले. "काय थांबलास रे! अपराध असा दिसतो. ओळ न बोलता सगळं बोललास!" फिटर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. स्टोअरच्या बाई बिस्किटांचा डबा फिरवत होत्या. मी मान खाली घालून चेहऱ्याचा रंग पुसत बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मामा आत आले. आई दारातच थांबली. मामा माझ्या शेजारच्या स्टुलावर टेकले आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "विसरलास."

"हो."

"ओळ माझ्या ओठांवर होती. अंगठा का नाही घेतलास?"

"कुठल्या तोंडानं मागू, मामा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गेल्या वर्षी मात्र विसरला नव्हतास."

माझा रंगाचा बोळा तसाच हातात राहिला. "तुम्हाला कळलं होतं?"

"डोळे गेले असं तुम्ही लोकांनी ठरवलंत. मला अंगठा दिसला, तुझी नजरही दिसली. ओळ विसरलेला माणूस घाबरलेला असतो रे. तू घाबरलेला नव्हतास."

"मग सांगितलंत कशाला?"

"अंगठा होता ना," मामा म्हणाले. "नियम माझाच. तुझ्यासाठी बदलू?"

"आणि बैठकीत? तिथं तरी बोलायचं होतंत."

"तिथं प्रश्न तुला विचारला होता. बोलायची पाळी तुझी होती."

साहेब पलीकडे फिटरला माझं कौतुक सांगत होते. काय म्हणायचं ते माहीत होतं, वर्षभर माहीत होतं, पण सुरुवात होईना. तेव्हा टेबलाखाली, मांडीवर, माझा डावा अंगठा मुठीत गेला.

मामांनी तो पाहिला. मग नेहमीच्या त्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असा, पहिला शब्द सांगितला.

"मी..."

"मी गेल्या वर्षी खूण केली होती," मी म्हणालो. "आणि नाही म्हणून खोटं बोललो."

साहेबांचं बोलणं चालूच होतं. कुणी ऐकलं नव्हतं. मामा स्टुलावरून उठले आणि मागच्या भिंतीपाशी, दारातल्या आईच्या शेजारी, जाऊन उभे राहिले.

"तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे," ते म्हणाले. "परत म्हण."

मी उभा राहिलो आणि परत म्हटलं.