दादाच्या वाटणीची पंचेचाळीस सेकंदं

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीताईच्या हातचं होतं. दंतवैद्यांसाठी ती कवळ्या करायची. प्लॅस्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि दातांचे डबे यांनी भरलेल्या खोलीत तिची तीस वर्षं गेली. हात हलका, तोंड मात्र फटकळ. नुसत्या साच्यावरून ती माणसाचा स्वभाव सांगायची, आणि तो सहसा वाईटच निघायचा.

रविवारी सकाळी साचे बाजूला सारून त्याच खोलीत आठ जण पत्ते खेळायला बसत. हे जुगाराचे पत्ते नव्हेत. यांच्यावर प्राणी, पक्षी, मासे असत आणि प्रत्येकाची ताकद वेगळी. सुरुवातीला प्रत्येकाला पंधरा पत्त्यांचं पाकीट मिळे. त्यातला एक पत्ता ठेवून घ्यायचा, बाकीचे डाव्या हाताच्या माणसाकडे सरकवायचे आणि उजवीकडून आलेल्यांतून पुन्हा एक निवडायचा. असं पाकीट गोल फिरत पुन्हा आपल्याकडे येई, पत्ते संपेपर्यंत. मग जमवलेल्या पत्त्यांनिशी लढाई. या निवडण्याला ते ड्राफ्ट म्हणत, आणि लढाईपेक्षा सगळ्यांचा जीव त्याच्यातच अडकलेला असे.

आठांतला एक तिचा थोरला भाऊ, दादा. गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं मंदावलं, आणि मुलगी त्याला दूर आपल्या घरी घेऊन गेली. डोकं शाबूत होतं, फक्त डोक्यातलं बाहेर यायला वेळ लागे. त्याची रिकामी खुर्ची बघून कवळीताईला दर रविवारी कसंसंच व्हायचं. दादाला पुन्हा डावात बसवायचंच, असं तिने मनाशी घेतलं.

उपाय एकच होता, ड्राफ्ट ऑनलाइन करायचा. हा खेळ खेळणारी दुसऱ्या गावांतली मंडळीही तशा सोयीच्या शोधात होती. पण करणार कोण? तिथे घोडं अडलं. मग त्यांच्यातलाच एक जण पुढे आला. बस डेपोत वेळापत्रकं आखणारा हा गृहस्थ फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहायचा. सगळे त्याला वेळापत्रकच म्हणत. करतो सगळं, एक पैसा नको, म्हणाला, पण आधी आराखडा पक्का हवा.

आराखडा अकरा पानी झाला. पाचव्या पानावर घड्याळ होतं. पत्ता निवडायला पंचेचाळीस सेकंदं, उशीर झाला तर सर्वांत ताकदीचा पत्ता यंत्रच निवडणार. आठांतल्या एका नर्सला दुपारच्या ड्युटीवर वेळेत जायचं असे, तिला हे फार पटलं. कवळीताईनेही मान डोलावली. जमेल दादाला, असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर काम सुरू व्हायची तिला घाई झाली होती.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी आराखडा कागदावर खेळून बघायचा ठरला. कुणी कुणाला दिसू नये म्हणून सहा जण भिंतीकडे तोंडं करून बसले. सातवा दादा, फोनवर. त्याला पत्त्यांचा फोटो जायचा, तो कितवा पत्ता हवा ते सांगायचा. पाकिटं इकडून तिकडे न्यायचं काम कवळीताईचं, म्हणजे यंत्र तीच.

पहिला फोटो गेला. पंचेचाळीस सेकंदं सरली. पलीकडून भाची म्हणाली, आत्या, थांब जरा, बाबा बघतायत. पण यंत्र थांबत नसतं. वेळापत्रकाने खूण केली आणि कवळीताईने दादाच्या नावावर एक पत्ता काढून पाकीट पुढे नेलं. असं करता करता पंधरापैकी अकरा पत्ते तिनेच निवडले. शेवटी पाहतात तो सगळ्यांत भारी संच दादाचा. लोकांनी त्याचं अभिनंदनही केलं.

संचाचा फोटो दादाला गेला. मग दादा म्हणाला, "पत्ते... चांगले आहेत. पण माझे नाहीत. तूच खेळ." आणि फोन बंद झाला.

कवळीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच तिने स्वतःच्या हाताने डावातून उठवलं होतं. एक घाव दोन तुकडे करावेत तसं तिने सांगून टाकलं, ते घड्याळ राहणार असेल तर मी नाही. वेळापत्रक भडकला. घड्याळाशिवाय आठ माणसं चालवून दाखव, म्हणाला. आठवडाभर दोघांचा अबोला.

पुढच्या रविवारी तो बारावं पान घेऊन आला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "गाडी वेळेवर सुटली आणि माणूस मागेच राहिला, तर ती गाडी कुणासाठी सोडायची?" पानावर लिहिलं होतं, पाकीट थांबेल. सगळ्यांनी एकदम बसायची गरजच नव्हती. ज्याने त्याने सवडीने निवडावं, ड्राफ्टला दोन आठवडे लागले तरी लागोत. नर्सने वाचलं आणि तिचाही प्रश्न मिटला.

दादाला बाबापुता करून भाचीने पुन्हा फोनवर आणलं. सगळे पुन्हा भिंतीकडे तोंडं करून बसले, पाकिटं फिरू लागली. नर्स आपले पत्ते निवडून खाली चहाला गेली. एकाने पेपर काढला. नवव्या पत्त्याला दादा अडला. पाच मिनिटं झाली, आठ झाली. त्याच्यापुढे पाकिटांचा ढीग लागला. कवळीताईचा हात दोनदा पत्त्याकडे गेला, शेवटी ती दोन्ही हातांवर बसून राहिली.

अकराव्या मिनिटाला आवाज आला, "दुसरा."

दुसरा पत्ता गरुड होता. यंत्राने बोलायचं नसतं, पण तिच्याने राहवलं नाही. "दादा, सकाळपासून मासे जमवतोयस. तुला गरुड काय करायचाय?"

"मला... नकोच आहे," दादा सावकाश म्हणाला. "माझ्या डावीकडचा... पक्षी जमवतोय. मी सोडलेले बाकीचे पक्षी... फिरून आलेच नाहीत, हा एकच आलाय. त्याला नाही मिळू देणार."

डावीकडे वेळापत्रक होता. सहा पक्षी हातात धरून तो पहिल्या फेरीत सुटलेला गरुड परत यायची वाट बघत बसला होता. त्याने कपाळ भिंतीला टेकवलं. फोनवर दादा हसायला लागला, जुनं खोकल्यासारखं हसू, वर्षभरात कुणी न ऐकलेलं. कवळीताईने गरुड दादाच्या नावावर ठेवला आणि उरलेलं पाकीट वेळापत्रकाकडे न्यायला निघाली. एका हातात पाकीट, दुसऱ्यात फोन, त्यामुळे डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.