टाकी भरलेली होती

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीत, कारखान्यांमागच्या एका वस्तीत आमच्या संस्थेने परदेशी मदतीतून पाण्याची टाकी बांधली. देखरेख माझी. टाकी भरली, नळ बसले, आणि तेवढ्यात निवडणूक होऊन आमदार बदलला. नव्याचं म्हणणं, उद्घाटन माझ्या हस्ते आणि दगडावर नावही माझंच. तोवर व्हॉल्व्हच्या खोलीला कुलूप. चेन्नईला, एग्मोरच्या ऑफिसात आमच्या साहेबांनी मान डोलावली. याला म्हणे स्थानिक सहभाग! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वस्ती अजून जुन्या विहिरीचं गढूळ पाणी पीत होती. टाकीसमोरच्या झोपडीत कारखान्यात झाडलोट करणारी एक बाई राहायची. तिची लेक जुलाबाने अंथरुणाला खिळली होती. मी दिसले की बाई विचारायची, "मॅडम, टाकी भरलीय ना? मग?"

एका सकाळी तिने माझ्यादेखत पहारीने कुलूप तोडलं. मी अडवलं नाही, मनातल्या मनात शाब्बास म्हटलं. तिने व्हॉल्व्हला हात घातला तोच आमदाराची माणसं मोटारसायकलींवरून आली. म्होरक्याने पहार हिसकावली आणि तिच्याच उजव्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती पडली तरी लाथा थांबेनात. मी मध्ये घुसले तर माझ्या थोबाडीत बसली, चष्मा फुटला, तोंडात रक्त आलं. "सरकारी मालमत्ता आहे ही!" तो ओरडत होता. सरकारने त्या टाकीला एक वीटही दिली नव्हती. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण तिच्याविरुद्ध, कुलूप तोडल्याची.

पुढच्या आठवड्यात मांडव घातला, फटाके वाजले, आमदाराने फीत कापली. फोटोसाठी वस्तीतली एक बाई हवी होती. म्होरक्याने नेमकं तिलाच पुढे ओढलं. "पदराखाली झाक ते प्लास्टर," म्हणाला. मग त्याने स्वतः घागर भरली, तिच्या डाव्या कमरेवर ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. मला वाटलं, आता ही घागर त्याच्या डोक्यात घालणार. घालावी, असंच मला वाटत होतं.

तिने घागर नीट सावरली आणि थेंबही न सांडता घराकडे निघाली. आत लेक पाणी मागत होती.