पाच अँपियरची पैज

गल्लीत अशी बोलवा होती, की विजेच्या वस्तूंच्या दुकानातली धाकटी बहीण नुसता तारेला हात लावून आत किती करंट वाहतोय ते सांगते. साफ खोटं. धाकटी तारेला इतकी भ्यायची, की प्लग काढल्यावरही दोनदा सॉकेटकडे बघायची. तिला यायचा तो भागाकार, आणि तोही तोंडी. व्होल्टला अँपियरने भागलं की तारेचा अडथळा, गुणलं की वॅट. बस, एवढंच.

पण गिऱ्हाइकं "भागाकारबाई आहेत का?" असं विचारत आत शिरायची आणि थोरलीच्या पोटात दुखायचं. वीस वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर पक्कड चालवली होती हिने. बाबांनी स्वतः उठून ती जागा दिली होती. धाकटी तर परवा परवा नोकरी सुटली म्हणून आली आणि काउंटरवर बसली.

"क्काय डोकं आहे हो बाईंचं!" थोरली मागच्या खोलीत, मान डोलावत, गिऱ्हाइकांची हुबेहूब नक्कल करायची. मग कपाळाला आठ्या घालून बाहेर यायची.

त्या दिवशी पुस्तकं बांधणारा बाइंडर आला. काखेत सरस वितळवायची शेगडी.

"ताई, तुम्ही दुरुस्त केलेल्या शेगडीने सरस जाळला माझा. वास बघा हाताला!"

"जास्त वेळ ठेवला असेल तुम्ही."

"अहो, वेळ कसला? बघता बघता उकळला!"

काउंटरवरून धाकटीने विचारलं, "ताई, कॉइल किती कापलीस?"

"जळका तुकडा तेवढा. पाचांतला एक हिस्सा. उरलेली ताणून बसवली. तार कमी झाली, म्हणजे ऊबही कमीच. याला काय अक्कल लागते?"

"उलट आहे गं. तार कमी, अडथळा कमी. मग करंट जास्त."

"आली मोठी मास्तरीण!" थोरलीची कानशिलं तापली. शेगडीच्या पट्टीवर छापलं होतं: २३० व्होल्ट, ४ अँपियर. तिने त्यावर बोट आपटलं. "लाव पैज. चारच्या खाली आला, तर तू पुन्हा दुरुस्तीत नाक खुपसायचं नाही."

"आणि वर गेला तर?"

"तर हे टेबल तुझं!" बोलून गेली खरी, पण जीभ चावावीशी वाटली.

बाइंडर स्टूल ओढून बसला. फुकटची करमणूक कोण सोडतो?

धाकटी छताकडे बघत पुटपुटली, "दोनशे तीस भागिले चार, साडेसत्तावन्न ओहम अडथळा. पाचवा हिस्सा गेला, उरले शेहेचाळीस. दोनशे तीस भागिले शेहेचाळीस... पाच अँपियर. नऊशे वीसच्या जागी अकराशे पन्नास वॅट. सरस जळणार नाही तर काय?"

थोरलीने तिला करंट मोजायच्या मीटरला हातही लावू दिला नाही. शेगडी लावली आणि क्लॅम्पमीटरचा चिमटा स्वतः एका तारेभोवती बसवला. आकडे थरथरले, थांबले.

"चार पूर्णांक नऊ! पाच कुठे आहे? हुकला हिशोब!"

"ताई," बाइंडर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "चारच्या खाली यायला हवं होतं ना?"

थोरलीने पक्कड उचलली, पुन्हा ठेवली. मग खुर्ची मागे सारून उठली आणि काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. बाइंडरने प्लग काढून शेगडी धाकटीच्या बाजूला सरकवली.

"पूर्ण लांबीची कॉइल घाला हं, बाई."