दहा मोजेपर्यंत

घरात, नात्यात सगळे त्यांना गोडमामा म्हणायचे. खोकल्याच्या औषधाच्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं, कडू ते गोड करायचं. टाकीत पाक ओतायचा, ढवळायचं, चमचाभर जिभेवर घ्यायचं आणि मनात दहा मोजायचे. दहाच्या आत कडूपणा वर आला तर आणखी पाक. दहानंतर आला तर खुशाल बाटल्या भरा. "कडू कुठे जात नाही," ते सांगायचे, "फक्त गिळून होईपर्यंत कळता कामा नये."

नातेवाइकांनी हीच कला राबवून घेतली. कुणाची नोकरी गेली, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की "मामांना पाठवा, ते गोड करून सांगतील." स्वतः वाईट व्हायला एकही जण तयार नसे. आणि मामाही असे शहाणे की हुरळून जायचे. चारचौघांत त्यांचं कौतुक व्हायची तेवढीच एक जागा होती.

मग त्यांची थोरली बहीण आजारी पडली. डॉक्टरांनी मामांना बाहेर बोलावून सांगितलं, "दोन महिने. फार तर." मामा आत गेले, खुर्ची ओढून बसले. "ताई, दोन महिन्यांचं औषध आहे. मग पूर्वीसारखी हिंडशील."

ताईचा चेहरा असा खुलला की मामांना स्वतःचा अभिमान वाटला. लाज वाटायला हवी होती.

"मग लेकीला आत्ता काही कळवू नकोस," ताई म्हणाली. सहा वर्षांपूर्वी भांडणाच्या भरात तिने लेकीला "तू मला मेलीस" म्हणून घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. "अशी अंथरुणात बघून ती दयेपोटी बोलेल. नको मला ती दया. माझ्या पायांनी तिच्या दारात जाईन आणि चुकले म्हणेन. पत्ता मी कधीचाच मिळवलाय. तू फक्त लिहून घे."

खरं सांगायची वेळ हीच होती. मामांच्या अगदी जिभेवर आलं होतं. सवयीने त्यांनी मनात दहा मोजले आणि गिळून टाकलं. ताईचा हात थरथरायचा, म्हणून औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती सांगेल तसं मामाच लिहीत गेले. कुठली बस, कुठे उतरायचं, दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. तो पुठ्ठा ताई उशीखाली ठेवायची आणि रोज काढून वाचायची.

भाचीला पुढच्या आठवड्यात गुपचूप फोन करू, असं मामांनी ठरवलं. दोन महिने होते की हातात! तेविसाव्या दिवशी सकाळी ताई गेली.

भाची पोहोचली ती सगळं उरकल्यावर. आईच्या रिकाम्या पलंगावर बसली. रडली नाही.

"मामा, शेवटी तिने माझं नाव तरी काढलं का रे?"

"रोज. तुझ्याकडे येणार होती. चुकले म्हणणार होती. ती बरी होणार असं मीच तिला खोटं सांगितलं, म्हणून थांबली गं ती." आयुष्यात पहिल्यांदा मामांनी कशातही पाक घातला नव्हता. त्यांनी पुठ्ठा तिच्या हातात दिला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"अक्षर तुझं आहे, मामा."

"तिचा हात थरथरायचा. ती सांगत गेली, मी लिहिलं."

"बाबा आम्हाला टाकून गेले, तेव्हाही तू असंच सांगितलं होतंस. परगावी कामाला गेलेत, रोज तुझी आठवण काढतात. किती वर्षं मी ते खरं धरून बसले होते." तिने पुठ्ठा हळूच त्यांच्या हातात परत ठेवला. "तू चांगला आहेस, मामा. पण आता मी लहान नाही."

ती जिना उतरू लागली. मामा तिच्यामागे दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून थांबले. तिला पटेल असं बोलायला त्यांच्याकडे दुसरा आवाजच नव्हता.