अर्धा सोडलेला धवला

"हात मागे घे. बोंबलाचा वास बसेल पेटीला."

गाण्याच्या क्लासच्या पंधरा मुलींसमोर बाई मला हे बोलल्या. मी फरशी पुसत होते. पेटी उघडी होती, मी एका पट्टीवर बोट ठेवलं. एवढंच. बाईंनी कापसावर औषध घेऊन तेवढी पट्टी पुसली. मुली हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

मी मुर्धा गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई. आधी माझी आई होती, मग मी. माझा आवाज लागल्याशिवाय मांडवात हळद लागत नसे. आणि मीरा रोडला, सिल्व्हर पार्क सोसायटीत, मी भांडीवाली. पण गाण्याचं वेड असं, की क्लासच्या वेळेलाच कामाला जायची. नळ बारीक सोडून भांडी घासायची, सूर कानावर पडावा म्हणून.

एकदा बाईंनी मला गुणगुणताना ऐकलं आणि टेपरेकॉर्डर आणला.

"म्हण गं, लाजू नकोस."

स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून म्हटलं. किती आनंद झाला होता मला! धवल्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं. माझ्या पोरीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मी तिचंच नाव घेतलं. सुमन.

पुढे, सुमनच्या लग्नाआधीच, क्लासचा कार्यक्रम ठरला. बाई म्हणाल्या, "तू ये. चहा आणि चपला बघ."

मी दारात चपलांपाशी बसले. स्टेजवर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक मुलगी उभी. बाई माइकवर म्हणाल्या, "ही गाणी म्हणणाऱ्या बायका आता उरल्या नाहीत. आम्ही हे धन वाचवलंय." मी तिथून वीस हात लांब बसले होते.

मुलगी गायली. माझाच धवला, सुमनच्या नावासकट. दोन कडवी झाली आणि ती थांबली. टाळ्या.

आईने शिकवलं होतं, नाव घेतलेला धवला अर्धा सोडायचा नाही. नवरी वाटेतच राहते. माहेर सुटलेलं, सासर आलेलं नाही, आणि हे लोक टाळ्या वाजवत होते.

मी थेट स्टेजवर गेले.

"बाई, पुरा करा. माज्या पोरीचं नाव हाय त्यात. अर्धा सोडायचा न्हाय."

बाईंनी माइकवर हात ठेवला. "वेडी झालीस का? नाव काय, कुठलंही चालतं. खाली उतर."

त्यांचे साहेब वॉचमनला म्हणाले, "इसको बाहर लेके जाओ."

वॉचमनने दंड धरला. मी गायला लागले. मांडवात कुठे माइक असतो? तो ओढत होता, मी गात होते. कुणी हसलं. कुणीतरी शिट्टी मारली. खुर्च्यांमधून फरफटत, बांगड्या फुटत, चपलांच्या ढिगापाशी मी शेवटचं कडवं पुरं केलं. धवल्यातली माझी सुमन सासरी पोचली. एकही टाळी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर बाई दारातच उभ्या. "सगळ्यांसमोर माफी माग, मग आत ये."

"माजी टेप द्या."

"ती क्लासची आहे."

"मग भांडी पन क्लासनंच घासा."

टेप मिळाली नाही. वर बाईंनी बिल्डिंगभर सांगितलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझी बाकीच्या दोन घरांतली कामंही गेली. मी पुन्हा त्या गेटात पाऊल टाकलं नाही. पावसाळ्यात भाताची लावणी केली, उन्हाळ्यात मांडव गाजवले, गावातल्या सहा पोरींना धवले शिकवले. पहिला धडा एकच. अर्धा सोडायचा नाही, कुणी ओढून नेलं तरी.

आता दात गेलेत, आवाज आहे. शहरातली पोरं मोबाईल घेऊन येतात. "आजी, हे लुप्त होतंय हो, दोन ओळी म्हणा ना."

मी त्यांना खाली बसवते, स्वतः खाटेवर बसते. आधी माझं नाव लिहा, म्हणते. दोन ओळी मिळणार नाहीत, अख्खा ऐकावा लागेल. घाई असेल तर चपला दारात आहेत.