घाईचा वाडगा

आमच्या ट्रेनिंगच्या मैत्रिणी भेटल्या की नातवंडांची चौकशी दोन मिनिटांत उरकते आणि बोर्डिंगचे किस्से सुरू होतात. दर भेटीत एखादा वाढतो. कमी मात्र एकही होत नाही!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मास्तरीण व्हायला आम्ही बारा जणी अमरावतीला राहत होतो. पहिल्याच सकाळी चूल पेटेना, आणि घंटेला दहा मिनिटं! मी हिवरखेडच्या माळ्याची पोर. ट्रंकेत घरची केळी आणि सातूचं पीठ होतं. वाडग्यात केळी कुस्करली, दही-गूळ घातला, दोन मुठी पीठ कालवलं, वर भाजलेले शेंगदाणे. वाडगा पुण्याच्या सुशीलेपुढे सरकवला. "खाय मुकाट्यानं!"

ती घाबरली. "तुम्ही रागावलात का?"

"रागावली असती तं दिलं असतं काय?"

* * *

मग रोज सगळ्यांना तेच हवं. स्वयंपाकीण गंगाकाकू रुसल्या. "माह्या भाकरीले काय धाड भरली?"

तिसऱ्या दिवशी स्वतःच दारात उभ्या. "पाहू, काय जादू हाये त्यात." अख्खा वाडगा संपवला, तोंड पुसलं.

"नाई पटलं बाप्पा. अजून थोडं वाढ, नीट पाह्यते."

* * *

सुशीलेनं कौतुकानं ही कृती आईला पत्रातून कळवली. उलट टपाली उत्तर आलं: "ताप किती आहे? खरं लिही."

* * *

एकदा बाबांनी केळीचे दोन घड पाठवले. खोलीत टांगले, तर सगळे एकदम पिकले! वासानं सुपरिंटेंडेंटबाई थेट दारात.

"काय चाललंय इथे?"

"अभ्यास, बाई."

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "फारच पिकलाय!"

* * *

परीक्षेला दोन महिने उरले होते. एका सकाळी बाबा अचानक अकोल्याच्या पाहुण्यांना घेऊन आले. मला पाहायला! नवरा मुलगा आणि त्याचे वडील, म्हणजे पुढे माझे मामंजी. दहाच्या गाडीनं परत जायचे होते. अर्ध्यात लग्न झालं की ट्रेनिंग संपलंच. आमच्यातल्या दोघी अशाच गेल्या होत्या.

बाईंनी त्यांना ऑफिसात बसवलं. पोहे करायलाही वेळ नव्हता. दोन वाडगे कालवले आणि दोघा पाहुण्यांपुढे नेऊन ठेवले.

मामंजींनी एक घास घेतला. वाडगा संपला. बोलता बोलता हात दुसऱ्या वाडग्याकडे गेला. मुलगा खाली मान घालून बसलेला.

"पोरी, आनखी काय काय येते तुले?"

बाबा डोळ्यांनी गप्प म्हणत होते. मी म्हटलं, "शिकवता येते. पन परीक्षा पास झाल्याबिगर मी लगीन करनार नाई."

बाबांनी कपाळाला हात लावला. मामंजींनी दुसऱ्या वाडग्याचाही तळ निपटला.

"परीक्षा कदी हाये?"

"चैत्रात."

"मंग लगीन वैशाखात धरू." ते मुलाकडे वळले. "काहून रे, तुले काही इचाराचं हाये?"

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"माहा वाडगा कुठी हाये?"